वाकलेला बाप

दलित आत्मकथनांनी मराठीला बापाची जी रूपे दिली, ती आपल्या पडद्यावर फार उशिरा आली. दया पवारांच्या ‘बलुतं’मधला (1978) बाप मुंबईच्या गोदीत राबणारा, दारूत बुडत जाणारा; लक्ष्मण मान्यांच्या ‘उपरा’मधला (1980) भटक्या संसारातही मुलाला शाळेत घालण्याचा हट्ट धरणारा; नरेंद्र जाधवांच्या ‘आमचा बाप आन् आम्ही’त (1993) तर तो ग्रंथनायकच. मात्र हे सारे बाप शिकून बाहेर पडलेल्या मुलांनी लिहिले आहेत, हे आपण सहसा विसरतो. मुलगा अजून गावातच अडकलेला असताना बाप कसा दिसतो?

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने (2013) नेमका तोच क्षण धरला. गाव नगर जिल्ह्यातले अकोळनेर, कुटुंब कैकाड्यांचे. किशोर कदमांचा कचरू बोलतो थोडे, वाकतो फार. मुलीच्या लग्नासाठी पैसा हवा, म्हणून गावाने सांगितलेली डुकरे तो पकडतो. जब्याची शाळा बुडते, याची त्याला पर्वा दिसत नाही. लपून बसलेल्या जब्याला तो सर्वांदेखत बडवतो, तेव्हा प्रेक्षक त्याच्यावर चिडतो. आम्हांस ही चीड अपुरी वाटते. कचरूची लाचारी हा त्याचा स्वभाव नव्हे, गावाविषयीचे त्याचे ज्ञान आहे. मान वर केल्यास काय होते, हे त्याला ठाऊक आहे, जब्याला नाही.

अमेरिकेत 1965च्या मॉयनिहन अहवालाने कृष्णवर्णीयांच्या दैन्याचे खापर बरेचसे मोडक्या कुटुंबावर, घरात नसलेल्या बापावर फोडले. चार्ल्स बर्नेट यांच्या ‘किलर ऑफ शीप’मधला (1978) स्टॅन मात्र घरातच आहे. कत्तलखान्यात मेंढ्या कापून तो इतका थकतो, की बायकोमुलांसाठी काही उरतच नाही. बाप हजर असूनही हरवतो, हे त्या चित्रपटाचे म्हणणे कचरूलाही लागू पडते. दोघांच्याही वाट्याला जनावरांचेच काम यावे, हा योगायोग आम्हांस साधा वाटत नाही.

कचरूची भीती अतिरंजित होती काय? ‘फँड्री’ चित्रपटगृहांत आला फेब्रुवारी 2014मध्ये. त्याच एप्रिलमध्ये याच जिल्ह्यातील खर्ड्यात एका शाळकरी दलित मुलाचा खून झाला; सवर्ण मुलीशी बोलल्याचा संशय हे कारण सांगितले गेले. साक्षीदार फितूर झाले आणि 2017मध्ये आरोपी निर्दोष सुटले. मे 2015मध्ये शिर्डीत, साईंच्या समतेचा रोज गजर होणाऱ्या गावात, मोबाइलवर वाजलेल्या बाबासाहेबांच्या गाण्यावरून झालेल्या वादात एका दलित तरुणाचा जीव गेला. ही मुले कुणाची तरी होती. वर्तमानपत्रांत त्यांचे बाप न्याय मागताना दिसले. कथापटांत तसा बाप अजून क्वचितच भेटतो.

‘फँड्री’च्या शेवटी जब्या दगड भिरकावतो. तो थेट आपल्या, प्रेक्षकांच्या रोखाने येतो. थोड्याच वेळापूर्वी त्याला बडवणाऱ्या बापाकडे तो जात नाही.