बग शोधणारीच्या नावावर

ऑफिसातला अलिखित नियम तुम्हाला माहीत असेलच. बग ज्याला पहिल्यांदा सापडतो, तो त्याच्याच गळ्यात पडतो. 'डच एल्म डिसीज'ची गोष्ट वाचताना मला हेच आठवत होतं.

पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्समध्ये रस्त्याकडेची एल्मची झाडं भर उन्हाळ्यात वाळायला लागली. कुणी म्हणे दुष्काळ, कुणी म्हणे युद्धातला विषारी वायू. नेदरलँड्समध्ये तेव्हा वेस्टरडाइकबाई होत्या, देशातल्या पहिल्या महिला प्राध्यापक (1917). त्यांच्या प्रयोगशाळेत बी श्वार्ट्झ या विद्यार्थिनीने खरं कारण शोधलं: एक बुरशी. तिच्यावर फारसा कुणाचा विश्वास बसला नाही. पुढे 1927 मध्ये क्रिस्टीन बुइसमनने निरोगी झाडांना बुरशी टोचून तीच लक्षणं आणून दाखवली. म्हणजे बग चक्क रिप्रोड्यूस केला! तेव्हा कुठे वाद मिटला. आणि रोगाला नाव काय पडलं, तर 'डच'. रोग तिथला म्हणून नव्हे, अभ्यास तिथे झाला म्हणून.

बुरशीची वाहतूक करतो सालीखाली वाढणारा एक छोटा भुंगेरा. मरणाऱ्या झाडातून बाहेर पडताना तो बीजाणू अंगावर घेऊन निघतो आणि निरोगी झाडाच्या कोवळ्या फांद्या कुरतडतो. गंमत (?) अशी की बुरशी अडवायला झाड स्वतःच पाणी वर नेणाऱ्या नळ्या बंद करतं, आणि तहानेनं मरतं. त्यात आपण झाडं लावतो एका ओळीत, जवळजवळ. मुळं जमिनीखाली जुळतात, मग भुंगेऱ्याचीही गरज उरत नाही.

बुइसमन 1936 मध्ये वारली, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी. रोगाला दाद न देणाऱ्या एका एल्मला तिचं नाव दिलं. नंतर कळलं, त्याला दुसरीच बुरशी लागते. (पॅच टाकला की नवा बग, आपल्याला काय सांगायला हवं!)

साठच्या दशकात कॅनडातून आलेल्या ओंडक्यांबरोबर जास्त जहाल बुरशी ब्रिटनमध्ये उतरली. अडीच कोटींहून जास्त एल्म गेले. ब्रायटनने मात्र आजारी झाडं लगेच तोडायचा धडाका लावला, म्हणून तिथे हजारो एल्म आजही उभे आहेत.

डच लोकांनी संकराचं काम सोडलं नाही. 1973 मध्ये त्यांनी 'लोबेल' नावाचा एल्म आणला. त्याच्या पूर्वजांत एक झाड आपल्या हिमालयातलं आहे.