धरा हे टोक!

नाकाला रुमाल लावा, पण फार घट्ट नको. श्वास तर घ्यावाच लागणार. साल १८८४, हिवाळा, पूर्व लंडनमधला व्हाइटचॅपल रोड. पायाखाली चिखल आणि घोड्यांची लीद एकजीव झालीय. गवत बाजाराकडे निघालेली गाडी तुमच्या खांद्याला घासून जाते, कुसळं थेट कॉलरमध्ये. अल्बियन ब्रुअरीतून शिजणाऱ्या माल्टचा गोडसर, जड वास येतोय; त्यात कोळशाचा धूर, त्यात तळलेले मासे. फेरीवाले एकमेकांवर आवाज चढवतायत. भूक लागली? माझं ऐका, आत्ता काही खाऊ नका.

कारण आपण लंडन हॉस्पिटलमध्ये शिरतोय, तेही थेट शवविच्छेदनाच्या खोलीत.

गार फरशी, गॅसच्या दिव्यांचा पिवळट उजेड, कुणीतरी ओढलेल्या पाइपचा धूर. त्याखालून येणारा वास मात्र कुठल्याच तंबाखूला दबत नाही. फॉर्मॅलिन अजून इथे पोचलेलं नाही आणि रबरी हातमोजेही नाहीत. टेबलापाशी बाह्या सरसावून उभे आहेत ते भरघोस मिशांचे, तिशीतले फ्रेडरिक ट्रीव्ह्ज. पुढे ‘एलिफंट मॅन’ या नावाने गाजलेल्या रुग्णाचे डॉक्टर म्हणून जग यांना ओळखेल. मला विचाराल तर त्यांचं मोठं काम हे, आत्ता समोर चाललेलं.

धरा हे टोक. हो, तुम्हीच. थंड आहे, बुळबुळीत आहे, घट्ट धराल तर निसटेल आणि ओढाल तर ताणलं जाऊन माप चुकेल. पट्टी पुढे सरकतेय. बोटं बधिर झाली, पाठ भरून आली, तरी आतडं संपत नाही. असे एकूण शंभर देह.

आता एक पैज लावा. तो गोदीतला धिप्पाड हमाल आणि हा त्याच्या खांद्याला जेमतेम लागणारा शिंपी, लांब आतडं कुणाचं? हमालाचं म्हणालात ना? जिंकालच असं समजू नका. प्रौढ माणसाच्या आतड्याची लांबी त्याच्या उंचीवर, वजनावर किंवा वयावर ठरत नाही, असं ट्रीव्ह्जना आढळलं. पुरुषांच्या लहान आतड्याची सरासरी निघाली २२ फूट ६ इंच. पण सर्वांत आखूड १५ फूट ६ इंच, आणि सर्वांत लांब ३१ फूट १० इंच! म्हणजे एकाच्या पोटात जेमतेम पाचवारी, तर दुसऱ्याच्या पोटात नऊवारीहूनही मोठं लुगडं.

हा खटाटोप कशासाठी, ते कळायला वरच्या वॉर्डात चला. कार्बोलिकचा उग्र दर्प, आणि खाटेवर पोट टम्म फुगलेला, ओकून ओकून थकलेला माणूस. आतड्याला पीळ पडलाय की आत गाठ वाढलीय, बाहेरून काही कळत नाही. पोट उघडायचं धाडस करणाऱ्या सर्जनच्या बोटांना वेटोळं लागतं, पण हे नेमकं कुठलं? कुठला भाग जागेवर बांधलेला, कुठला मोकळा हलणारा? आतड्याच्या अशा अडथळ्यांवर ट्रीव्ह्जनी नुकतंच पुस्तक लिहिलंय. त्या फुगलेल्या पोटांची उत्तरं ते खालच्या खोलीत शोधतायत.

हात धुऊन घ्या, आजच्या काळात परत येऊ. एक लक्षात असू द्या: मेल्यावर आतड्याचे स्नायू सैल पडतात, म्हणून जिवंतपणी तेच आतडं बरंच आखूड भरतं. माणसामाणसातला फरक मात्र खराच आहे. कर्करोगासाठी किंवा आणखी कशासाठी दोन माणसांचं आतडं अगदी सारखं कापलं, तरी एकजण पुढे आरामात जेवेल आणि दुसऱ्याच्या अंगी अन्न लागणार नाही. मागे उरलेलं लहान आतडं २०० सेंटीमीटरहून कमी असेल, तर पोषण आणि पाणी दोन्हींची ओढाताण होऊ शकते.

तेव्हा घरात कुणाचं लहान आतडं कापावं लागलंच, तर ‘किती काढलं’ एवढं विचारून थांबू नका. ‘किती उरलं’ हे विचारा, आणि डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या.