तळटीप : थिबा राजवाडा, रत्नागिरी

१२. लेखकाने पाहिलेला हा राजवाडा आता संग्रहालय आहे. ब्रह्मदेशचा अखेरचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केले आणि पुढच्याच वर्षी रत्नागिरीत आणून ठेवले. जांभ्या दगडाची ही इमारत मात्र १९१० मध्ये पुरी झाली. १९१६ मध्ये राजा येथेच वारला. म्हणजे त्याच्या कैदेची बहुतेक वर्षे या वाड्याबाहेरच गेली, हे मजकुरात यायला हवे होते. भाट्याच्या खाडीकडचा देखावा आणि खिडक्यांच्या कोरीव लाकडी कमानी पाहताना हे घर एका बंदिवानाचे होते, याचा विसर पडू नये. कुटुंब १९१९ मध्ये मायदेशी परतले. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीला आली. तिची मुलगी टुटू अखेरपर्यंत रत्नागिरीकर म्हणूनच जगली. — संपादक