रोहिणखेडच्या मशिदीपासून अभ्यासाच्या कोपऱ्यापर्यंत

इतिहास म्हटला की आपल्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे सनावळ्या उभ्या राहतात. कोणती लढाई केव्हा झाली, गादीवर कोण बसला, कोण पदच्युत झाला, एवढे पाठ केले की पेपर सुटतो. असा इतिहास शिकवणाऱ्यांपैकी मीही एक असल्यामुळे दोष दुसऱ्या कोणाला देत नाही. परंतु माणसे ज्या भिंतींच्या आत राहिली, ज्या ओट्यावर बसली, ज्या बारवेत पाण्याला उतरली, त्यांचाही एक इतिहास असतो. तो पुस्तकात थोडा आणि आपल्या अवतीभवती पुष्कळ आहे. राजाची आज्ञा राजाबरोबर संपते. पण त्याच्या काळी उभी राहिलेली भिंत पुढे शेकडो वर्षे माणसांना 'इकडून जा, इथे थांब, इथे बस' असे सांगत राहते. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील काही वास्तूंच्या आधारे हा विचार पालक आणि विद्यार्थी यांच्यापुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

घाटाखालची मशीद

काही वर्षांपूर्वी परीक्षा आटोपल्यावर नववीच्या पंधरा-वीस मुलांना घेऊन मी मोताळा तालुक्यातील रोहिणखेडला गेलो होतो. एप्रिलचे ऊन. गाडीतून उतरेपर्यंत मुलांची बडबड थांबली नव्हती. मशिदीच्या आत सावलीत बसल्यावर ती आपोआप शांत झाली. थोड्या वेळाने एका मुलाने विचारले, "सर, इथे पंखा नाही, तरी गार कसं लागतं?" मी म्हणालो, "दगडाचं बांधकाम आहे ना, म्हणून." उत्तर चुकीचे नव्हते, पण अर्धेच होते. उरलेले अर्धे उत्तर शोधताना जे हाती लागले, त्यातूनच हा लेख झाला.

रोहिणखेडचे स्थान लक्षात घेण्यासारखे आहे. वऱ्हाडचे जुने दोन भाग म्हणजे खालचे पायनघाट आणि वरचे बालाघाट. रोहिणखेड हे अगदी डोंगराच्या पायथ्याशी, घाट चढण्याच्या तोंडाशी आहे. खानदेशातून दक्षिणेकडे जाणाऱ्या फौजेला ही वाट सोयीची, म्हणून येथे दोन मोठ्या लढाया झाल्या. १४३७ मध्ये खानदेशच्या नासिरखानाचा बहामनी सरदार खलफ हसन याने येथे पराभव केला. १५९० मध्ये बुऱ्हाण निजामशाह आणि खानदेशचा राजा अलीखान यांच्या फौजेपुढे जमालखान येथेच हरला आणि मारला गेला. या दोन लढायांच्या मधल्या काळात, १५८२ साली, खुदावंदखान महदवी याने येथे लहानशी पण सुबक मशीद बांधली. त्याच्या आदल्याच वर्षी, १५८१ मध्ये, त्याने साखरखेर्डा येथेही एक मशीद उभारली होती. पुढे १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्क आसफजाह याने मुबारिजखानावर जय मिळवला, तो याच साखरखेर्ड्याजवळ. त्या विजयावरून गावाला फतेहखेर्डा असेही नाव मिळाले.

लढाया संपल्या, फौजा गेल्या, मशिदी राहिल्या. आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. जाड दगडी भिंत सावकाश तापते. बाहेर दुपार होते तेव्हा आत अजून सकाळच असते. वर पुढे आलेला छज्जा उन्हाला अडवतो आणि खोल कमानीतून आत उजेड येतो, पण झळ येत नाही. समोरचे मोकळे सहन रात्री लवकर निवते. बांधणाऱ्याने ऊन कोठून येते, वारा कोठून येतो, माणूस कोठे बसेल, हे आधी पाहिले आणि मग दगड रचला.

मशिदीच्या रचनेतील आणखी एक गोष्ट मुलांच्या लक्षात आणून द्यावीशी वाटते. तेथे सफ असते, म्हणजे खांद्याला खांदा लावून उभी राहिलेली रांग. जो आधी येतो तो पुढे उभा राहतो, मग तो जमीनदार असो की हमाल. जागेची आखणीच अशी की उच्चनीच भाव तेथे ठेवायला कोपरा नाही. समतेवर दहा व्याख्याने देऊन जे साधत नाही, ते एका सरळ रेषेने साधते.

वाट बदलली की गाव बदलते

एकोणिसाव्या शतकात या भागात रेल्वे आली. भुसावळहून मलकापूर, अकोला या मार्गाने लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला. १८७० मध्ये जलंब-खामगाव हा फाटा सुरू झाला. खामगावची कापसाची बाजारपेठ भरभराटीला आली. घाटाच्या वाटेचे महत्त्व ओसरले आणि ज्या रोहिणखेडसाठी सुलतान लढले ते एक साधे खेडे होऊन राहिले. स्टेशन कोठे होते, रस्ता कोणत्या बाजूने जातो, बाजार कोठे भरतो, यावर पिढ्यान् पिढ्यांचे नशीब ठरते. आज आपल्या गावात शाळा, दवाखाना किंवा एस.टी. थांबा कोठे असावा याची चर्चा निघते, तेव्हा ती किरकोळ बाब समजून आपण घरी बसू नये.

पाणी आणि पायऱ्या

सिंदखेड राजा येथे १२ जानेवारी १५९८ रोजी राजमाता जिजाऊंचा जन्म झाला. लखुजीराव जाधवांचा वाडा आणि त्याचा भव्य दरवाजा पाहण्यास सहली जातात, ते योग्यच आहे. परंतु वाडा पाहून परत फिरू नका. मोती तलाव, चांदणी तलाव आणि पुतळा बारवही पाहा. वाड्यात एक घराणे राहिले. तलावावर आणि बारवेवर सारे गाव जगले.

बारवेची रचना किती शहाणपणाची असते पाहा. आडातून पाणी काढायचे तर दोर हवा, मनगटात बळ हवे. बारवेला पायऱ्या असतात. पावसाळ्यात चार पायऱ्या उतरले की पाणी मिळते, उन्हाळ्यात ते खाली गेले की आणखी दहा उतरायच्या. पाणी खोल जाते, पण माणसाला ते गाठता येते. वर ऊन असते, खाली गारवा. म्हणून पाण्याला आलेल्या बाया तेथे घडीभर टेकत असतील, सुखदुःख बोलत असतील, हे सांगायला पुराव्याची गरज नाही.

शेजारच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, अठराव्या शतकातील पाणचक्की आहे. दूरच्या डोंगरातून खापरी नळांनी आणलेले पाणी उंचावरून सोडून त्यावर पिठाची चक्की फिरवली जाई. ते पीठ तेथे येणाऱ्या फकीर, विद्यार्थी आणि वाटसरू यांच्या उपयोगी पडे. तेच पाणी पुढे हौदात साठते आणि हौदाखाली खांबांचे मोठे दालन आहे. डोक्यावर पाणी असल्यामुळे ते उन्हाळ्यातही थंड राहते. पाणी एक आणि कामे तीन. काटकसर यालाच म्हणतात.

आपली घरे

मोठ्यांच्या वास्तू झाल्या, आता आपली घरे. आपल्याकडील जुने घर म्हणजे जाड मातीच्या भिंती, सागवानी खांब, वर पांढऱ्या मातीचे धाबे. कोणी त्याला माळवद म्हणतात. समोर ओटा, मग ओसरी, आत अंगण. ओट्यावर म्हातारी माणसे बसत; गल्लीत कोण आले, कोण गेले यावर त्यांची नजर असे आणि मुलांना त्या नजरेचा धाक असे. अंगण हे विशेषतः आपल्या स्त्रियांसाठी मोठा आधार होते. पडदा सांभाळूनही डोक्यावर आकाश मिळत होते. धान्य निवडणे, पापड वाळवणे, बाळंतिणीला कोवळ्या उन्हात बसवणे, सारे तेथेच होई.

त्या घरांचे गुणगान करताना त्यांचे दोषही सांगितले पाहिजेत. पावसाळ्याआधी दरवर्षी धाब्यावर माती टाकावी लागे, तरी घर गळायचेच. उंदीर, वाळवी, अंधार होता. न्हाणीघर असले तर असे, आणि संडास बहुतेक ठिकाणी नसे. ते दिवस परत यावेत असे कोणीही म्हणणार नाही.

मीही तसे म्हटले नाही. वडिलोपार्जित धाब्याचे घर पाडून मी स्लॅबचे घर बांधले. जागा वाया जाऊ नये म्हणून अंगण खोल्यांत घेतले आणि ओट्याच्या जागी गाडी लावण्याची सोय केली. नकाशा मीच काढला, कोणाला विचारले नाही. पहिल्याच उन्हाळ्यात रात्री स्लॅब इतका तापू लागला की पंखा गरमच हवा फेकत असे. माझी आई एक दिवस म्हणाली, "बेटा, घर अच्छा है, लेकिन बैठना कहाँ?" घरात चार खोल्या, सहा खुर्च्या, आणि तरी तिला बसायला जागा नव्हती. गल्ली दिसेल, वारा लागेल, येणारीजाणारी दोन शब्द बोलेल अशी जागा मी नकाशातून पुसून टाकली होती. त्यानंतर ती शेजारच्या जुन्या घराच्या ओट्यावर जाऊन बसू लागली. बी.ए., बी.एड. होऊन मला जे कळले नाही, ते न शिकलेल्या आईला कळले होते.

शाळा कशी असावी

शाळेची इमारत कशी असावी, याचेही उदाहरण आपल्या इतिहासात आहे. वऱ्हाड ज्या बहामनी राज्यात होता, त्या राज्याचा वजीर महमूद गवान याने बीदर येथे मदरसा बांधला. १४७२ मध्ये ती इमारत पूर्ण झाली. मध्ये मोठा चौक, चारी बाजूंना व्याख्यानाची दालने, तीन मजली खोल्या, मशीद, ग्रंथालय आणि विद्यार्थी व अध्यापक यांच्या राहण्याची व्यवस्था अशी तिची रचना होती. शिकणारा आणि शिकवणारा एकाच चौकात वावरत. १४८१ मध्ये गवानला दरबारी कारस्थानामुळे प्राण गमवावे लागले आणि १६९६ मध्ये इमारतीचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. तरीही उरलेला भाग पाहिला की, पाच शतकांपूर्वी विद्यार्थ्याला उजेड, हवा आणि स्वतःची खोली द्यावी असे कोणाला तरी वाटले होते, हे कळते.

नोकरीच्या सुरुवातीला मी ज्या शाळेत होतो, तेथे दोन वर्ग पत्र्याखाली भरत. उन्हाळ्यात दुपारी दोननंतर मुले डुलक्या घेत. मी त्यांना आळशी म्हणून उभे करीत असे. पाऊस आला की पत्र्याच्या आवाजात माझे शब्द मलाच ऐकू येत नसत. आज वाटते, त्या मुलांना मी विनाकारण बोल लावला. झोप त्यांची नव्हती, छपराची होती. मुलींसाठी नीट स्वच्छतागृह नसल्यामुळे काही मुली दिवसभर पाणी पीत नसत आणि मोठ्या झाल्या की गैरहजर राहू लागत. आपण म्हणत होतो की मुलींना शिक्षणाची आवड नाही.

आणि एक घर. आठवीतील एका हुशार मुलीचे गुण अचानक घसरले, म्हणून मी तिच्या घरी गेलो. घर नवे, बैठक छान सजवलेली. सोफा, काचेचे कपाट, त्यात कपबशा. ती खोली पाहुण्यांसाठी असल्याने एरवी बंद असे. मुलगी अभ्यास कोठे करते, असे विचारले तेव्हा तिच्या आईने जिन्याकडे बोट दाखवले. चौथ्या पायरीवर तिचे दप्तर ठेवलेले होते. वडिलांना म्हटले, "भाई, बैठक हिला द्या." ते हसून म्हणाले, "सर, मेहमान आले तर?" मी विचारले, "गेल्या महिन्यात किती वेळा आले?" ते काही बोलले नाहीत. पुढे कळले की बैठकीच्या एका कोपऱ्यात सतरंजी आणि लहान टेबल आले आहे. कपबशा जागच्या जागी आहेत.

विचारून बांधावे

इजिप्तचे नामवंत वास्तुकार हसन फतही यांनी १९४० नंतरच्या दशकात लुक्सरजवळ 'नवे गुर्ना' हे खेडे वसवण्यास घेतले. मातीच्या विटा, घुमट, चौक, वारा खेळेल अशी रचना. खर्च कमी आणि सौंदर्य भरपूर. तरीही ज्यांच्यासाठी ते खेडे होते, त्यांतील बहुतेकांनी तेथे राहायला जाण्याचे नाकारले. त्यांची उपजीविका जुन्या गावाशी बांधलेली होती आणि स्थलांतराचा निर्णय त्यांचा नव्हता. फतहींसारख्या जाणत्या माणसालाही जो धडा मिळाला, तो आपणही घ्यावा. माती की सिमेंट हा प्रश्न दुसरा आहे. राहणाऱ्याला विचारले काय, हा पहिला.

म्हणून पालकांना तीन गोष्टी सुचवतो. घर बांधताना नकाशा मिस्त्रीला दाखवण्याआधी घरातील म्हातारीला आणि मुलींना दाखवा. घर कितीही लहान असो, चार हात जागा अभ्यासासाठी राखा आणि ती पाहुण्यांनाही देऊ नका. शाळेच्या बांधकामासाठी वर्गणी देताना फरशीच्या रंगाआधी खिडक्या, पाणी आणि मुलींचे स्वच्छतागृह यांबद्दल विचारा.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला सुटीचे एक काम देतो. आपल्या घराचा नकाशा वहीच्या पानावर काढा. सकाळी ऊन कोठे येते, दुपारी सर्वांत गार जागा कोणती, आई दिवसातून जास्तीत जास्त वेळ कोठे उभी असते, आजी कोठे बसते, हे त्यात दाखवा. मग त्याच नकाशात तुमची अभ्यासाची जागा दाखवा. ती दाखवता आली नाही, तर तो नकाशा वडिलांपुढे ठेवा. बोलण्याची गरज पडणार नाही.