रकाना कोणी आखायचा?

मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणे मागे पडलं की कोलाडच्या अलीकडे खांब लागतं. रोहा तालुक्याच्या या पट्ट्यात, आणि शेजारच्या पेण तालुक्यातही, डोंगराच्या कडेकडेने कातकरी वाड्या आहेत. दिवाळी सरली की त्यांतली बरीच कुटुंबं वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या कामावर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. आता यासोबत लसीकरणाचं वेळापत्रक ठेवून पाहा. पेंटाव्हॅलंटच्या मात्रा सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना. ऑगस्टच्या मध्यावर जन्मलेल्या बाळाची तिसरी मात्रा येते नोव्हेंबरच्या अखेरीस. तोवर वाडी रिकामी झालेली असते, आणि आरोग्य सेविकेच्या ड्यू लिस्टमध्ये त्या नावापुढे ‘बाकी’ एवढंच उरतं.

हे ‘बाकी’ नीट वाचायला हवं. बाळ भट्टीवर आहे आणि लस खरोखरच चुकली, असं असेल. तिकडच्या सिस्टरने लस टोचली पण नोंद इकडे पोचली नाही, असंही असेल. आईचं नाव माहेरी एकदा आणि सासरी एकदा चढलं, त्यामुळे दोनपैकी एक बाळ फक्त यादीतच आहे, असंही होतं. किंवा मागच्या वेळी ताप आला म्हणून आईने साफ नकार दिला. यादीत शब्द एकच, पण प्रत्येक वेळचा इलाज निराळा. आढावा बैठकीत मात्र चारही बाळं एकाच टक्केवारीत मोजली जातात आणि बोलणी सेविकेला बसतात. नर्सिंग इन्फॉर्मेटिक्स म्हणजे संगणकाचा वर्ग, असं समजून या विषयाकडे येणाऱ्यांनी आधी या यादीपाशी थोडं थांबावं.

विषयाचं हे नाव रूढ झालं 1980च्या सुमारास. अमेरिकन नर्सेस असोसिएशनने 1992 साली त्याला स्वतंत्र विशेषशाखा म्हणून मान्यता दिली. काम मात्र नावापेक्षा जुनं आहे. क्रिमियन युद्धातल्या सैनिकी रुग्णालयांच्या नोंदींतला सावळागोंधळ पाहिलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1858 मध्ये मृत्यूंची कारणं दाखवणाऱ्या वर्तुळाकार आकृत्या छापल्या. पुढे 1860 च्या लंडनमधल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे सर्व रुग्णालयांसाठी एकसारख्या नोंदपत्रकांचा प्रस्ताव त्यांच्याकडून आला. दिव्याचीच गोष्ट आपण मुलींना वर्षानुवर्षं सांगत आलो. पत्रकाची सांगितली नाही, हे मला खटकतं.

सैद्धांतिक पाया घातला ग्रेव्हज आणि कोर्कोरन यांनी, 1989 मध्ये. विदा, माहिती आणि ज्ञान अशी त्यांची मांडणी. ती पाठ करण्यापेक्षा एका गरोदर बाईच्या तपासणीवर लावून पाहा. हिमोग्लोबिन 6.8, ही झाली विदा. सहावा महिना, मागच्या तपासणीत 8.2, गोळ्या दिलेल्या, हे शेजारी आलं की माहिती. सातच्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय, गोळ्यांवर भागणार नाही, रुग्णालयात पाठवायचं, हे ज्ञान. पण दोन तपासण्यांचे आकडे शेजारीशेजारी दिसतील अशी जागाच पत्रकात नसेल, तर हे ज्ञान सेविकेच्या डोक्यात असूनही वेळेवर उपयोगी पडत नाही. म्हणून माझं म्हणणं साधं आहे: रकाना आखताना तो भरणारी परिचारिका खोलीत हवी.

आपल्याकडे बहुतेकदा ती नसते. राष्ट्रीय एचएमआयएस पोर्टल 2008 मध्ये आलं, त्यामागून माता-बालकांची नावनिशीवार नोंद, 2016 मध्ये सेविकांच्या टॅबवर ‘अनमोल’, 2021 मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन. यंत्रणा वाढल्या, रजिस्टरंही सुटली नाहीत. तीच माहिती आधी वहीत, मग टॅबवर, मग महिन्याच्या अहवालात, हे उपकेंद्रात काम केलेल्या कोणालाही नव्याने सांगायला नको.

शिक्षणाच्या बाजूने दार थोडं उघडलं आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या 2021च्या सुधारित बीएस्सी अभ्यासक्रमात आरोग्य व नर्सिंग इन्फॉर्मेटिक्स हा विषय दुसऱ्या सत्रात आहे. नोकरीच्या जाहिरातीत मात्र हे नाव क्वचितच दिसेल. मोठ्या खासगी रुग्णालयात एचएमआयएस बसवणारी तुकडी, गुणवत्ता विभाग, आरोग्यावरचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्या, आरोग्य अभियानातली देखरेखीची कामं, अशा आडवाटांनी या क्षेत्रात शिरावं लागतं. एक्सेल पक्कं करा, थोडी एसक्यूएल शिका, संख्याशास्त्राला घाबरू नका. 2023 चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा वाचा, कारण रुग्णाचा अहवाल व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याची सवय आपल्या अंगवळणी पडली आहे. आणि वॉर्ड लवकर सोडू नका. रात्रपाळीत तीस खाटा सांभाळताना कुठला रकाना रिकामा राहतो आणि का, हे वर्गात शिकवता येत नाही. जीएनएम होऊन दहा वर्षं झालेल्या सिस्टरांना ‘आता कुठे कॉम्प्युटर’ असं वाटतं. त्यांचं स्वागत मी अधिक आनंदाने करीन. चुकीचं पत्रक त्यांना वाचताक्षणी कळतं.

पहिल्या प्रकरणाकडे वळण्याआधी एक काम करा. तुमच्या वॉर्डातल्या एकाच रुग्णाचा रक्तदाब आज किती ठिकाणी लिहिला गेला ते शोधा: टीपीआर चार्ट, नर्सेस नोट्स, हँडओव्हरची वही, केसपेपर, संगणक. आकडे जुळतात का ते पाहा. नसतील, तर डॉक्टरांनी औषधाचा डोस त्यांतला कुठला आकडा पाहून बदलला, हे विचारून या.