नाळेवरच्या तोफेची कुळकथा

नवापूरच्या दक्षिणेला डांगचे जंगल पसरले आहे. समुद्र तिथून लांब आहे, तरी समुद्रावरच्या एका शस्त्राची कुळकथा सांगायची तर ती या सागाच्या पट्ट्यापासून सुरू करणे मला रास्त वाटते. मलबारचा साग अपुरा पडू लागला तेव्हा, 1842 मध्ये, इंग्रजांनी डांगच्या भिल राजांकडून जंगले भाडेपट्ट्याने घेतली, ती जहाजांना लागणाऱ्या लाकडासाठी. सागाच्या अंगात तेल असते. त्यामुळे तो खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नाही आणि त्यात ठोकलेले लोखंडी खिळे ओकच्या लाकडातल्यासारखे गंजत नाहीत. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेले आणि 1817 मध्ये पाण्यात सोडलेले ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी लढाऊ जहाज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आजही तरंगते आहे. तोफ डागली की ती जोराने मागे उसळते आणि तो धक्का शेवटी लाकडालाच सोसावा लागतो. म्हणून जहाजावरच्या शस्त्राचा विचार जहाजाच्या सांगाड्यापासून सुरू होतो. याउलट आज अंतराळयुद्धाच्या खेळांसाठी नवे शस्त्र सुचवणारे बहुधा पहिली ओळ माऱ्याची लिहितात: नुकसान किती, पल्ला किती, दोन बारांमध्ये वेळ किती. माझे म्हणणे असे की ती ओळ सर्वांत शेवटी यायला हवी. शस्त्राचे बळ आणि त्याचे उणे एकाच मुळातून निघाले असतील, तरच ते शस्त्र खेळात न्यायाचे ठरते. या खेळांत सर्रास दिसणारी, फक्त समोर मारा करणारी आणि नेम धरायला अख्खे जहाज वळवायला लावणारी तोफ याचा उत्तम पुरावा आहे. तिचे कूळ पाहिले की मुद्दा उलगडतो.

भूमध्य समुद्रातल्या वल्ह्यांच्या लढाऊ नौकांपासून ही वंशावळ मांडता येते. अशा नौकेच्या दोन्ही कुशींना वल्हेकऱ्यांच्या रांगा बसत, त्यामुळे तिथे जड तोफेला जागा उरत नसे. उरे ती नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक. म्हणून मोठी तोफ नाळेवर आली आणि तिचा नेम म्हणजे नौकेचेच तोंड झाला. वाऱ्याची वाट न पाहता शत्रूवर चालून जाता येई, ते वल्ह्यांमुळे. कुशीतून हल्ला आला तर उत्तर देता येत नसे, तेही वल्ह्यांमुळेच. 1571 मध्ये लेपांतोच्या लढाईत व्हेनिसने गॅलियस जातीची सहा अवजड जहाजे आघाडीला ठेवली. त्यांच्यावर कुशीलाही तोफा होत्या. त्या बदल्यात ती इतकी मंद झाली होती की त्यांना ओढून जागेवर न्यावे लागले. तोफ वाढली, पण चाल गेली.

कोकणात हीच अडचण वेगळ्या पाण्यात सोडवली गेली. इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्मने मराठ्यांचे दर्यासरदार आंग्रे यांच्या आरमारातल्या गुराब या लढाऊ जहाजाचे जे वर्णन करून ठेवले आहे, ते शस्त्र सुचवणाऱ्या कोणीही बारकाईने वाचावे असे आहे. दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे दीडशे टनांची, तीन डोलकाठ्यांची तीनशेच्या आसपास. लांबीच्या मानाने रुंद आणि पाण्यात फार कमी बुडणारी, म्हणजे खाड्यांत आणि उथळ किनाऱ्यावर सहज शिरणारी. मधल्या भागापासून ती निमुळती होत जाई आणि पुढे लांब नाळ काढलेली असे. पुढच्या मजल्याखाली आडव्या फळीभिंतीत झरोके पाडून त्यांतून नऊ ते बारा पौंडी गोळ्याच्या दोन तोफा नाळेवरून थेट समोर रोखलेल्या असत. कुशीच्या तोफा त्याहून हलक्या, सहा ते नऊ पौंडी. या बांधणीची किंमत ऑर्मनेच सांगितली आहे: समोरून लाटा आल्या की गुराब फार जोराने डुले आणि नाळेवर पाण्याचे लोट येत. म्हणून नाळेच्या तक्तपोशीला कठडेच ठेवत नसत, चढलेले पाणी दोन्ही बाजूंनी आपोआप वाहून जावे यासाठी. ज्या निमुळत्या नाळेने समोरचा मारा दिला, तिनेच समोरच्या समुद्रात अडचण आणली. गुण आणि दोष एकाच लाकडातून कोरलेले होते.

मग प्रश्न येतो की असे अर्धे उघडे शस्त्र चालवायचे कसे. उत्तर एकट्या गुराबेत नव्हते, ते ताफ्याच्या रचनेत होते. गुराबेच्या जोडीला गलबते असत. फार तर सत्तर टनांची, चाळीस-पन्नास वल्ह्यांची, लहान तोफांची. वारा पडला की गलबते वल्ही मारत गुराबांना ओढून नेत. शत्रूचे जहाज टप्प्यात आले की सगळे त्याच्या पिछाडीला जमत, कारण मोठ्या युरोपीय जहाजाचे बळ त्याच्या कुशीत असे आणि पिछाडीकडे त्याच्या तोफा थोड्या. पहिला मारा डोलकाठ्यांवर होई. समोरच्या जहाजाच्या तिन्ही डोलकाठ्या एकदमच नजरेसमोर उघड्या झाल्या की तो क्षण साधून तोफा डागत. जहाज पांगळे झाले की जवळ जाऊन चहूबाजूंनी मारा करत, आणि तरीही ते दबले नाही तर प्रत्येकी दोन-तीनशे माणसे घेऊन गलबते एकाच वेळी चोहोकडून त्याला भिडत. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आज्ञापत्र या राजनीतीच्या ग्रंथातही हीच दृष्टी आहे. गुराबा फार थोर नकोत, फार लहान नकोत, मध्यम असाव्यात. वाऱ्यावाचून निरुपयोगी ठरणारी अवाढव्य जहाजे बांधण्याचे कारण नाही. आणि पाच गुराबांना पंधरा गलबतांची जोड देऊन एक सुभा करावा, असा त्यातला विचार आहे. एकास तीन हे प्रमाण म्हणजे नाळेवरच्या तोफेचे उणे कोणी भरून काढायचे, याचे लेखी उत्तर आहे.

हे शस्त्र किती चालले आणि कुठे थांबले, याचे दोन दाखले तुळाजी आंग्रे यांच्या काळातले आहेत. 1754 मध्ये त्यांच्या आरमाराने डचांची तीन जहाजे गाठली. त्यांतले सर्वांत मोठे पन्नास तोफांचे होते. दोन मोठी जहाजे जळाली आणि तिसरे हाती लागले. खुल्या पाण्यात पाठलाग करता आला की कुशीतल्या तोफांची संख्या निर्णायक राहत नव्हती. दोनच वर्षांनी, फेब्रुवारी 1756 मध्ये, इंग्रज ॲडमिरल वॉटसनचे आरमार विजयदुर्गावर आले. जमिनीवर इंग्रजांच्या साथीला पेशव्यांची फौज होतीच. आंग्रे यांचा ताफा किल्ल्याच्या आसऱ्याला एकत्र बांधून उभा होता. इंग्रजांकडून पूर्वी जिंकलेल्या ‘रेस्टोरेशन’ या जहाजाला तोफगोळ्याने आग लागली आणि ती एका जहाजावरून दुसऱ्यावर जात सारा ताफा जळाला. पाठलागासाठी घडवलेले शस्त्र नांगरावर उभे राहिले की त्याचे सगळे उणे उरते आणि बळ काहीच उरत नाही. मराठी मनाला ही घटना आजही सलते. मात्र तिने नाळेवरच्या तोफेची निवड चुकीची ठरवली असे म्हणता येत नाही. ती कोणत्या परिस्थितीत निकामी होते, एवढेच दाखवून दिले.

आता दोनशे वर्षे पुढे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-1 या संगणकावर 1962 मध्ये ‘स्पेसवॉर’ हा खेळ उभा केला. मधोमध एक तारा, त्याच्या ओढीत फिरणारी दोन जहाजे, आणि जहाजाच्या नाळेतून समोर सुटणारे टॉर्पेडो. नेम धरायचा तर जहाजच वळवावे लागे, आणि जहाज वळवताना ताऱ्याची ओढ थांबत नसे. टॉर्पेडो मोजके होते आणि दोन टॉर्पेडोंमध्ये थांबावे लागे. ताऱ्याची ओढ डॅन एडवर्ड्सने खेळात आणली, पण ती टॉर्पेडोंना लागू केली नाही, कारण तेवढे गणित वेळेत करण्याची यंत्राची ताकद नव्हती. गुराबेच्या तोफेला लाकडाने मर्यादा घातली, तशी इथे यंत्राने घातली. रसेलने टॉर्पेडोच्या वागण्यात थोडा बेभरवसा घालून पाहिला होता. खेळणाऱ्यांना तो आवडला नाही आणि तो काढून टाकला गेला. मार्टिन ग्रेट्झने संकटातून निसटण्यासाठी हायपरस्पेसची, म्हणजे एका जागेवरून नाहीसे होऊन दुसरीकडे उगवण्याची, सोय दिली, मात्र तिच्या प्रत्येक वापरागणिक जहाज फुटण्याचा धोका वाढत जाई. या दोन्ही निर्णयांत फरक आहे. पहिल्यात शिक्षा बाहेरून लादलेली होती आणि खेळणाऱ्याला तिच्याबद्दल काहीच करता येत नव्हते. दुसऱ्यात धोका पत्करायचा की नाही, हे खेळणाऱ्याच्या हाती होते.

यावर पहिला आक्षेप असा की एमआयटीच्या मुलांनी गुराब पाहिली नव्हती, मग एकच कूळ कसे? माणसांच्या वंशावळीसारखे रक्ताचे नाते इथे मी सांगतच नाही. सारखी अडचण सारखा आकार घडवते, एवढाच दावा आहे: हलके वाहन, जड शस्त्र आणि ते बसवायला एकच जागा. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खऱ्या युद्धात कोणी समतोल शोधत नाही. आंग्रे यांना बरोबरीची लढत नको होती, विजय हवा होता. हे खरे आहे. पण शस्त्रावर तिथे समुद्र, वारा, लाकूड आणि शत्रूची अक्कल यांचा अंकुश होता. खेळात यांपैकी काहीच आपोआप नसते, म्हणून नियम लिहिणाऱ्यालाच समुद्राचे काम करावे लागते. तिसरा आक्षेप व्यवहाराचा: शस्त्र फार भारी ठरले तर आकडा कमी करावा, एवढे पुरे. आकडे घटवल्याने शस्त्र दुबळे होते, पण न्यायाचे होत नाही. ते कधी वापरू नये हे तरीही कोणाला कळत नाही. ‘ईव्ह ऑनलाइन’ या संगणकावरच्या अंतराळ-खेळाने मोठ्या तोफांचा मारा मोठाच ठेवला आणि त्यांचे वळणे मंद ठेवले, त्यामुळे चपळ लहान जहाज जवळून फेऱ्या मारत त्यांच्या तडाख्यातून सुटू शकते. 1979 च्या ‘स्टार फ्लीट बॅटल्स’ या पटावरच्या खेळात फोटॉन टॉर्पेडो भरायला दोन डाव जातात आणि नेम चुकला तर सगळी शक्ती वाया जाते, तर डिसरप्टर कमी इजा करतो पण दर डावात चालतो. यांतला कोण श्रेष्ठ, याचे उत्तर परिस्थितीच देते, आणि तेच हवे.

समजा, जहाजाच्या कण्यातून लांबीभर जाणारी एक मोठी तोफ सुचवायची आहे. आधी सांगाडा लिहावा: नळी लांब, म्हणून जहाज लांब, म्हणून वळायला मंद, म्हणून कुशी आणि पिछाडी उघडी. मग जोड लिहावी: तिला लहान जहाजांची राखण लागेल, आणि ती राखण खेळणाऱ्याला दुसऱ्या कशाच्या बदल्यात घ्यावी लागेल. मग तोड लिहावी: मागून येणारे चपळ जहाज तिला हरवेल, नांगरावर किंवा अरुंद जागेत ती निकामी ठरेल. त्यानंतर सारख्या कसबाच्या दोघांना बाजू बदलून खेळवावे. दोघेही दर वेळी तेच शस्त्र निवडू लागले तर सांगाड्यात चूक आहे. कोणीच निवडत नसेल तर जोड महाग पडते आहे. माऱ्याचा आकडा यानंतर भरावा. तो तेव्हा नीट भरता येतो, कारण तोवर तो कशाची किंमत आहे हे ठरलेले असते. नवे शस्त्र सुचवणाऱ्याला मला एकच आग्रहाचे सांगणे आहे: आपले शस्त्र कोण, कुठे आणि कसे हरवील हे एका वाक्यात लिहिता येत नसेल, तर प्रस्ताव अजून पुरा झालेला नाही.