दांडा नसलेला पंप आणि एक हिशेबनीस

लंडनला कोणी पाहुणे आले की नेहमीची ठिकाणं दाखवून झाल्यावर मी त्यांना सोहोतल्या ब्रॉडविक स्ट्रीटवर नेतो. तिथे रस्त्याच्या कडेला पाण्याचा एक हातपंप आहे आणि त्याला दांडाच नाही. "एवढं चालवून हे दाखवायला आणलंस?" असा चेहरा झाला की मला गोष्ट सांगायची संधी मिळते.

गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असेल. १८५४ साली या भागात पटकीची साथ आली. त्या काळी विद्वान मंडळी म्हणत, की रोग घाणेरड्या हवेतून येतो. डॉ. जॉन स्नो म्हणाले, नाही, पाण्यातून येतो. मेलेली माणसं कुठलं पाणी पीत होती हे त्यांनी घरोघर विचारलं, सगळी बोटं या पंपाकडे वळली आणि ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला.

पण मला स्वतःला वेगळाच प्रश्न पडतो. मेलेल्यांचे पत्ते स्नोंना मिळाले कुठून? ते सरकारी निबंधक कचेरीत गेले आणि ८३ मृत्यूंची यादी घेऊन आले. एखाद्या आठवड्यात शहरात कोण कशाने मेलं हे त्याच आठवड्यात सांगू शकणारी कचेरी त्या काळी जगात किती ठिकाणी असेल?

इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली. १८३९ साली तिथे विल्यम फार नावाचा माणूस लागला. गरीब घरात जन्मलेला, वैद्यकी शिकलेला आणि आकड्यांचं वेड असलेला. मृत्यूचं कारण कोणत्या नावाने लिहायचं याला त्याने शिस्त लावली, कारण एकाच रोगाला दहा गावांत दहा नावं असतील तर बेरीज कशाची करणार? १८४० पासून लंडनच्या मृत्यूंचा तक्ता दर आठवड्याला छापून येऊ लागला.

गंमत म्हणजे फारचा स्नोंच्या म्हणण्यावर विश्वास नव्हता. १८४८-४९ च्या साथीचे आकडे मांडून त्याने दाखवलं होतं, की वस्ती थेम्सच्या पातळीपासून जितकी उंच तितके मृत्यू कमी. म्हणजे दोष नदीकाठच्या कोंदट हवेचा! आकडे बरोबर होते, निष्कर्ष चुकला होता. पण माणूस प्रामाणिक. १८५४ च्या ऑगस्टअखेर त्याने दक्षिण लंडनच्या निबंधकांना सांगितलं, की पटकीने मृत्यू झाला तर त्या घरात पाणी कुठल्या कंपनीचं येतं तेही लिहा. स्वतःचं मत खोटं पडू शकेल असा रकाना त्याने स्वतःच वाढवला.

दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्यांचे नळ एकाच गल्लीत शेजारी-शेजारी होते. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये पाणी उचलायची जागा शहराच्या वर, स्वच्छ पात्रात नेली होती. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी मात्र बॅटरसीला, गटारं मिसळलेल्या थेम्समधूनच पाणी घेत होती. भाडेकरूंना कंपनीचं नाव माहीत नसे. तेव्हा स्नो पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकून मिठाचं प्रमाण बघत. बॅटरसीच्या पाण्यात ते सुमारे चाळीसपट असे. पहिल्या सात आठवड्यांचा हिशेब असा निघाला: साउथवर्कच्या दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू, लॅम्बेथच्या ३७.

स्नो १८५८ मध्ये वारले. फारचं मत पालटलं ते १८६६ च्या साथीत. बॅझलजेटची नवी भुयारी गटारं तोवर बरीचशी झाली होती, पूर्व लंडनचं काम तेवढं अपुरं होतं. मृत्यूही तिथेच एकवटलेले दिसले, आणि तो भाग एकाच कंपनीच्या पाण्याचा. कंपनीच्या अभियंत्याने वर्तमानपत्रात पत्र लिहून ठणकावून सांगितलं, की न गाळलेल्या पाण्याचा एक थेंबही आम्ही कित्येक वर्षांत दिलेला नाही. आणि लोकांच्या नळांत तर चक्क ईल मासे सापडले होते! चौकशीत ओल्ड फोर्डच्या उघड्या तलावांचं पाणी नळांत गेल्याचं उघड झालं. त्या साथीत लंडनमध्ये पाच हजारांहून जास्त माणसं मेली.

अभियंता म्हणून ते पत्र मला फार टोचतं. त्यात खोटं बोलणारा माझ्याच धंद्यातला होता.

हे सगळं जुनं झालं असं म्हणावं तर २०१९ मध्ये काय घडलं पाहा. सदर्न वॉटर या कंपनीने सांडपाणी केंद्रांचे आकडे मुद्दाम चुकीचे दिले म्हणून नियामकाने तिच्यावर दंड आणि ग्राहकांना परतावा मिळून १२ कोटी ६० लाख पौंडांचा भार टाकला. नमुने घ्यायचे कंपनीने आणि अहवालही कंपनीनेच द्यायचा, अशी ती पद्धत. पुढे २०२३ अखेर इंग्लंडमधल्या १४ हजारांवर पावसाळी गटारमुखांवर मोजणीयंत्रं बसली. त्याच वर्षीचा आकडा निघाला: ४,६४,०५६ वेळा सांडपाणी नद्या-समुद्रात सोडलं गेलं, एकूण ३६ लाख तास. आकडा ऐकून देश हादरला. पण यंत्रं नव्हती तेव्हाही सांडपाणी वाहतच होतं, मोजत कोणी नव्हतं एवढंच.

आपल्याकडे २०१९ मध्ये जलजीवन मिशन सुरू झालं. त्यात नळजोडण्यांचे आकडे आहेत, तसंच प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायची तरतूदही आहे. मला त्या आकड्यांपेक्षा या पाचजणींचं जास्त कौतुक वाटतं. नळ बसवणारा ठेकेदार आणि पाणी तपासणारी बाई ही वेगळी माणसं आहेत, आणि ते पाणी तिच्याच घरात प्यायलं जाणार आहे. पुढच्या वेळी गावी गेलात तर सहज चौकशी करा, त्या पाचजणी कोण आहेत आणि त्यांची वही कोण वाचतं.